दहा डॉलरची पटकथा : प्रेस्टन स्टर्जेसचं पुढे नेमकं काय झालं?

रेवती_ठाणे :
गेल्या महिन्यात प्रेस्टन स्टर्जेसचे पॅरामाउंट या हॉलिवूड स्टुडिओतले आठही चित्रपट क्रमाने बघून संपवले. रोज रात्री जेवणं आवरली की एक. काल शेवटचा झाला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडंसं. जन्म शिकागोचा, १८९८. १९२९ साली ब्रॉडवेवर त्याचं नाटक तुफान चाललं, मग तो हॉलिवूडमध्ये पटकथाकार झाला. त्या काळात स्टुडिओत लेखकाला किंमत नसायची. एकाच पटकथेवर चार-पाच जणांना बसवायचे आणि सेटवर लेखकाला कुणी विचारायचं नाही. स्टर्जेसला आपलं लिहिलेलं आपणच उभं करायचं होतं. त्याने स्वतःची एक जुनी पटकथा पॅरामाउंटला अवघ्या १० डॉलरला दिली. अट एकच, दिग्दर्शन मी करणार. तो चित्रपट म्हणजे ‘द ग्रेट मॅक्गिंटी’ (१९४०). मूळ पटकथेचं ऑस्कर त्याच वर्षापासून द्यायला लागले आणि पहिलंच यालाच मिळालं.

पुढच्या चार वर्षांत आणखी सात. ‘ख्रिसमस इन जुलै’, ‘द लेडी ईव्ह’, ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’, ‘द पाम बीच स्टोरी’, ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’, ‘हेल द कॉन्करिंग हीरो’, ‘द ग्रेट मोमेंट’. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही त्याचंच. मग १९४४ पासून १९५९ मध्ये तो गेला तोपर्यंत, पंधरा वर्षांत फक्त चार चित्रपट.

असं का व्हावं? पाण्याचा झरा आटतो तसा माणूस आटतो का? की कुणीतरी वरून दगड ठेवला? तुम्हाला काय वाटतं?

नानू :
पहिला! वाचनखूण साठवली. सवडीने लिहितो.

सुहास_पनवेल :
मॅक्गिंटीची गोष्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आज रात्रीच बघा. एक भणंग माणूस निवडणुकीत मताला दोन डॉलर या दराने दिवसभरात ३७ वेळा मतदान करतो. त्याचा हा उरक बघून पक्षाचा दादा खूश होतो आणि त्याला वर चढवत नेतो, अगदी गव्हर्नरच्या खुर्चीपर्यंत. आयुष्यात एकदाच त्याला प्रामाणिक व्हावंसं वाटतं आणि त्याच दिवशी सगळं कोसळतं. १९४० चा चित्रपट आहे हे सारखं स्वतःला बजावावं लागतं.

मीनल_ग :
सुहासदादा, ३७ गुणिले २ म्हणजे ७४ डॉलर. नायकाने एका दिवसात ७४ कमावले आणि ज्याने त्याला जन्माला घातलं त्याला मिळाले १०!

सुहास_पनवेल :
@मीनल_ग, हा हिशोब माझ्या डोक्यातच आला नव्हता. जबरी!

नितीन_पै :
थोडा वेगळा सूर लावतो. मी दोन पाहिले आणि दोन्ही वेळा डोकं उठलं. सगळे एकाच वेळी बोलतात, ओरडतात, पडतात. हेन्री फोंडासारखा नट ‘लेडी ईव्ह’मध्ये किती वेळा आपटतो ते मोजायचं मी सोडून दिलं. लेखकाचा सिनेमा म्हणता, मग एवढी पडापड कशाला?

रेवती_ठाणे :
@नितीन_पै, राग नाही, पण त्याच चित्रपटातला एक प्रसंग तुमच्यासमोर ठेवते.

जहाजावरचं जेवणघर. फोंडा हा बिअरवाल्या धनाढ्य बापाचा मुलगा, ॲमेझॉनच्या जंगलात सापांचा अभ्यास करून परत चाललाय. टेबलावर एकटाच सापांवरचं पुस्तक वाचत बसलेला. खोलीतल्या सगळ्या मुली त्याच्यावर टपलेल्या. बार्बरा स्टॅनविक पत्ते लावून लोकांना लुबाडणाऱ्या टोळीतली. ती त्याच्याकडे पाठ करून बसते, पर्समधून पावडरची डबी काढते आणि तिच्या आरशात त्याला बघत राहते. आपल्यालाही तो त्या आरशातच दिसतो. आणि ती हलक्या आवाजात धावतं समालोचन करते : आता ही रुमाल टाकेल, आता ती ओळख काढायला येईल, आता हा काय म्हणेल. समोरच्या माणसांचे संवाद हीच बोलते. शेवटी तो कंटाळून उठतो, तिच्या टेबलाजवळून जायला लागतो, ती हळूच पाय पुढे करते आणि हा सपशेल आडवा. वर तिच्याच बुटाची टाच मोडली म्हणून तीच त्याला दटावते आणि केबिनमध्ये घेऊन जाते.

मला तरी ती पडापड वाटली नाही. त्या दोन-तीन मिनिटांत ती त्याची लेखिका आहे, दिग्दर्शिका आहे आणि पायाने त्याला स्वतःच्या गोष्टीत ओढते आहे. स्टर्जेसने आपलं कामच त्या डबीतल्या आरशात दाखवलंय.

नितीन_पै :
हे असं मी पाहिलं नव्हतं. परत बघतो. बाकी गोंगाटाबद्दलचं मत मात्र कायम.

शब्दांकित :
मी बारा वर्षं मालिकांचे संवाद लिहितो आहे, म्हणून त्या १० डॉलरवर बोलणं भाग आहे.

एकदा एक सीन लिहिला होता. आजी नातवाचा डबा भरते. आदल्या रात्री दोघांचं भांडण झालेलं. ती डबा बंद करते, परत उघडते, एक पोळी जास्तीची ठेवते, झाकण लावते. बस्स. एक शब्द नाही. प्रक्षेपणाच्या दिवशी घरचे सगळे टीव्हीसमोर बसलो. आजी पोळी ठेवते आणि कॅमेऱ्याकडे बघून सहा वाक्यं बोलते, नातवावर आपलं किती प्रेम आहे ते. मागे बासरी. चॅनलमधून कुणीतरी सांगितलं होतं की प्रेक्षकांना कळणार नाही. मला फोनसुद्धा नव्हता आला. बायकोने टीव्ही बंद केला, आम्ही काही न बोलता जेवलो.

त्यामुळे पोटासाठी लिहिणारा माणूस आपली पटकथा १० डॉलरला का देतो, ते मला नीट समजतं. स्टर्जेसच्या दोन पटकथा मिचेल लायसन या दिग्दर्शकाने केल्या होत्या, ‘ईझी लिव्हिंग’ आणि ‘रिमेंबर द नाइट’. दोन्ही चांगल्या आहेत, पण दुसरीत त्याच्या संवादांना बरीच कात्री लागली. त्याच लायसनमुळे पटकथाकार बिली वाइल्डरसुद्धा दिग्दर्शनाकडे वळला. वाइल्डरने लिहिलं होतं की नायक हॉटेलच्या खोलीत भिंतीवरच्या झुरळाशी बोलतो. नायक झालेला चार्ल्स बॉयेर म्हणाला, मी झुरळाशी बोलणार नाही, आणि लायसनने सीन काढून टाकला. १९४२ मध्ये वाइल्डर हॉलिवूडमधला आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित करत होता. १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टन हा पटकथाकारही दिग्दर्शनात आलेला. हे दार आधी स्टर्जेसने ढकललं. आम्हा लेखकांवर त्याचे उपकार आहेत.

अश्विनी_क :
शब्दांकित, तुमची ती जास्तीची पोळी मला दिसली. सहा वाक्यांची अजिबात गरज नव्हती.

नानू :
आपल्याकडे आचार्य अत्रे हेच करून गेले की. ‘ब्रह्मचारी’ लिहिला तेव्हा दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, आणि ‘श्यामची आई’ केला तेव्हा लेखन-दिग्दर्शन दोन्ही स्वतःचं. १९५४ च्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक.

रेवती_ठाणे :
नाना, बरोबर. पण अत्र्यांचा स्वतंत्र धागा काढा, मी येते तिकडे. इथे सुरू झालं तर स्टर्जेस बाजूला राहील.

गिरणगाव :
‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’बद्दल लिहितो. सलिव्हन हा यशस्वी विनोदी दिग्दर्शक. त्याला आता गरिबीवर गंभीर चित्रपट काढायचाय, म्हणून फाटके कपडे घालून तो भटकायला निघतो. फिरता फिरता खरंच अडकतो, सश्रम कारावासात जातो. तिथे एका रात्री कैद्यांना साखळदंडासकट कृष्णवर्णीयांच्या छोट्या चर्चमध्ये नेतात. पडद्याऐवजी पांढरी चादर, त्यावर मिकीच्या प्लुटो कुत्र्याचं जुनं व्यंगचित्र. चिकट माशीकागद कुत्र्याला चिकटतो, तो सोडवायला जातो तर दुसरीकडे चिकटतो. सगळे हसतात. सलिव्हनही हसतो आणि दचकून शेजाऱ्याला विचारतो, मी हसतोय का?

१९८२ चा संप सुरू होऊन सातआठ महिने झाले होते. गणपतीत चाळीच्या चौकात पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तसा त्या वर्षीही लावला. समोर जागा नव्हती म्हणून मी आणि वडील पडद्याच्या मागे बसलो. नावं उलटी दिसायची, गाडी डावीकडून उजवीकडे जायच्या ऐवजी उलट जायची. वडील त्या वर्षात घरात बोलायचेच बंद झाले होते. त्या रात्री ते पोट धरून हसले. मी सिनेमा सोडून त्यांच्याकडेच बघत होतो.

म्हणून तो चर्चचा प्रसंग खरा आहे, याला मी साक्षीदार. पण सलिव्हन त्यातून जो निष्कर्ष काढतो, की गंभीर चित्रपट नको, लोकांना हसवणंच बरं, तो मला पटत नाही. तो स्वतः कसा सुटतो? पेपरात फोटो छापून यावा म्हणून स्वतःच्याच खुनाचा कबुलीजबाब देतो. प्रसिद्ध माणूस म्हणून सुटतो आणि विमानाने घरी जातो. बाकीचे कैदी तिथेच. वडीलही दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या बंद गेटपाशीच जाऊन उभे राहिले होते.

अश्विनी_क :
यावर काय लिहू? दोनदा वाचलं.

बोस्टनकर :
गिरणगाव, फार मोलाचं लिहिलंत. थोडी भर घालतो. सलिव्हन काय म्हणतो ते एक आणि चित्रपट काय दाखवतो ते दुसरं. मध्ये एक लांबलचक तुकडा आहे, बेघरांचे तळ, निवारे, रांगा, जमिनीवर दाटीवाटीने झोपलेली माणसं. तिथे संवाद एकही नाही. शब्दांवर जगणाऱ्या लेखकाने तिथे मुद्दाम गप्प राहायचं ठरवलंय. म्हणजे सलिव्हनला जो गंभीर चित्रपट जमला नाही, तो स्टर्जेसने आतच करून ठेवला.

आणि चर्चचा प्रसंग. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय माणूस म्हणजे नोकर किंवा विदूषक. (याच चित्रपटात आधी एक स्वयंपाकी आहे, तो प्रसंग आज बघवत नाही.) पण इथे धर्मगुरू आपल्या लोकांना बजावतो की हे पाहुणे आपल्यापेक्षा कमनशिबी आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होऊ देऊ नका. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी या प्रसंगासाठी स्टर्जेसला आभाराचं पत्र पाठवलं होतं.

चित्रपटात सलिव्हनला जो काढायचा असतो त्याचं नाव ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ कोएन बंधूंनी २००० साली तेच नाव घेऊन चित्रपट काढला.

गिरणगाव :
तो बिनसंवादाचा तुकडा मी विसरलो होतो. मान्य. तरी ते विमान डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉ_सुलभा :
मी रोजची वाचक, लिहिते क्वचित. आठांपैकी ‘द ग्रेट मोमेंट’चं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून आले. मी निवृत्त भूलतज्ज्ञ आहे.

हा चित्रपट डब्ल्यू. टी. जी. मॉर्टन या दातांच्या डॉक्टरवर आहे. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्याने रुग्णाला ईथर हुंगवलं आणि डॉ. वॉरन यांनी मानेवरची गाठ काढली. रुग्ण ओरडला नाही. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार जणांनी धरून ठेवायचं. आम्ही आजही १६ ऑक्टोबर भूलशास्त्र दिन म्हणून पाळतो.

मी शिकत होते तेव्हा ईथर अजून वापरात होतं. तारेचा मुखवटा, त्यावर गॉझच्या घड्या, आणि बाटलीतून थेंब थेंब सोडायचं. एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हातात बाटली, नजर रुग्णाच्या श्वासावर. घरी आलं तरी साडीला तो गोडूस, डोक्यात जाणारा वास असायचा. सासूबाई म्हणायच्या, आधी आंघोळ.

मॉर्टनने ईथरमध्ये रंग आणि सुगंध मिसळून त्याला वेगळंच नाव दिलं होतं, म्हणजे औषध काय ते कुणाला कळू नये आणि पेटंट आपलं राहावं. चित्रपटात डॉक्टर मंडळी अडून बसतात, आत काय आहे ते सांगितल्याशिवाय वापरणार नाही. बाहेर एक मोलकरीण मुलगी पाय कापायची वाट बघत पडलेली असते. मॉर्टन तिच्याशी दोन शब्द बोलतो, आत जातो आणि गुपित सांगून टाकतो. त्या एका क्षणात त्याचं पुढचं उत्पन्न गेलं. स्टर्जेसने त्याची हलाखी आधी दाखवली आणि हा क्षण शेवटी ठेवला. इतिहासाच्या क्रमाने तो मधला आहे, पण माणसाच्या हिशोबाने शेवटचाच. स्टुडिओला ते पटलं नाही. त्याच्याकडून चित्रपट काढून घेतला, कापला, जुळणी बदलली, दोन वर्षं ठेवून १९४४ मध्ये लावला. तो पडला.

रेवतीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. हा चित्रपट त्याच्या मनाजवळचा होता. त्याच्या हातून नेला तेव्हाच काहीतरी मोडलं.

बोस्टनकर :
डॉक्टर, नमस्कार! ती जागा मी पाहिली आहे. ईथर डोम म्हणतात. घुमटाखालचं व्याख्यानगृह, उतरत्या रांगांतल्या बैठका आणि एका बाजूला चक्क इजिप्तची ममी. रुग्णालयाला भेट म्हणून आलेली. मुलगी घाबरून हात धरून होती. पण स्टर्जेसचा चित्रपट तेव्हा मला ठाऊक नव्हता. आता परत जाईन.

शब्दांकित :
डॉक्टर, पेटंट सोडणारा मॉर्टन आणि १० डॉलरला पटकथा देणारा स्टर्जेस. आता कळलं त्याला ही गोष्ट का करावीशी वाटली.

मीनल_ग :
धागा थोडा भरकटवते. स्टर्जेसची आई मेरी डेस्टी नर्तकी इझाडोरा डंकनची जिवलग मैत्रीण. १९२७ मध्ये नीसला मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकून इझाडोरा गेली, तो स्कार्फ मेरीनेच दिलेला. आईचा सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय होता आणि त्यात काम करताना या पठ्ठ्याने चुंबनाने न पुसणारी लिपस्टिक तयार केली होती. असं बालपण आणि असे उद्योग ज्याचे, त्याच्या डोक्यात ‘पाम बीच स्टोरी’ नाही येणार तर कुणाच्या?

सुहास_पनवेल :
लिपस्टिकही तशीच बनवली आणि संवादही तसेच लिहिले, दोन्ही पुसले जात नाहीत!

केतकी_ना :
मूळ प्रश्नावर येते. मला वाटतं त्याचं कारण माणसं. विल्यम डेमारेस्ट हा त्याच्या पॅरामाउंटच्या आठही चित्रपटांत आहे. फ्रँकलिन पँगबॉर्न, जिमी कॉन्लिन, रॉबर्ट ग्रेग, पोर्टर हॉल पुन्हा पुन्हा दिसतात. एक वाक्य असलेल्या दुकानदारालासुद्धा तो असं वाक्य देतो की नायक बाजूला राहतो. स्टुडिओचे निर्मितीप्रमुख बडी डिसिल्व्हा यांना तेच तेच चेहरे नको होते. स्टर्जेस हटला नाही. ही माणसं माझ्या पहिल्या चित्रपटात होती म्हणून ती पुढेही राहतील, असं त्याचं म्हणणं. नाटक कंपनीत वाढलेल्या कुणालाही हे कळेल. त्याची कंपनी तुटली आणि त्याचा आवाज गेला.

नितीन_पै :
काल ‘लेडी ईव्ह’ परत पाहिला. आरशाच्या प्रसंगाबद्दल रेवतीताई, तुमचं बरोबर होतं. त्या नादात ‘अनफेथफुली युवर्स’ (१९४८) पण पाहिला आणि मला हाच सगळ्यात आवडला. रेक्स हॅरिसन हा वाद्यवृंद चालवणारा कंडक्टर. बायकोवर संशय. मैफिलीत रोसिनी, वाग्नर, चायकोव्हस्की वाजवताना प्रत्येक रचनेबरोबर डोक्यात एक वेगळा बेत : खून, क्षमा, आत्महत्या. कल्पनेत सगळं कसं सुरात आणि बिनचूक. मग घरी येऊन खरंच करायला जातो तर खुर्चीची बैठक पायाखाली फाटते, ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालतच नाही. तिथे मला पडापड का लागते ते कळलं. डोक्यात जे लिहिलं ते प्रत्यक्षात उतरवताना माणूस असाच धडपडतो.

म्हणजे १९४८ मध्येही हा माणूस आटलेला नव्हता. केतकीताई, आवाज गेला हे मला मान्य नाही.

केतकी_ना :
हो, हे मान्य करावंच लागेल. पण तो चालला नाही.

बोस्टनकर :
चालला नाही, आणि नुसतं चित्रपटामुळे नाही. प्रदर्शनाआधी हॅरिसनच्या जवळच्या कॅरोल लँडिस या अभिनेत्रीने आत्महत्या केली. त्यानंतर बायकोचा खून मनात घोळवणाऱ्या हॅरिसनला बघून कोण हसणार?

त्याआधीचं हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य उद्योगपतीचं प्रकरणही लक्षात घ्या. पॅरामाउंट सोडल्यावर स्टर्जेसने ह्यूजबरोबर कंपनी काढली. मूकपटांतला हॅरॉल्ड लॉईड परत आणून चित्रपट केला, त्याची सुरुवात लॉईडच्याच १९२५ च्या ‘द फ्रेशमन’मधल्या फुटबॉल सामन्याने. १९४७ मध्ये लागला, ह्यूजने काढून घेतला, कापला आणि १९५० मध्ये वेगळ्या नावाने परत लावला. पैसा ह्यूजचा, शेवटचा शब्द ह्यूजचा. भरीला सनसेट बुलेव्हार्डवरचं स्टर्जेसचं ‘द प्लेयर्स’ नावाचं रेस्टॉरंट. कमावलेलं सगळं त्यात जिरलं.

डॉ_सुलभा :
म्हणजे १० डॉलरमध्ये त्याने दिग्दर्शन मिळवलं, जुळणीवरचा हक्क मात्र कधीच मिळाला नाही.

शब्दांकित :
डॉक्टर, हेच. आमच्या धंद्यात अजूनही हेच.

अश्विनी_क :
सेन्सॉर असताना ‘मॉर्गन्स क्रीक’ कसा सुटला हे कुणी सांगेल का? युद्धावर निघालेल्या सैनिकांच्या पार्टीला गेलेली मुलगी, रात्री कुणाशी लग्न केलं ते तिला आठवत नाही, दिवस गेलेले आणि शेवटी एकदम सहा मुलगे! आमच्याकडे आजही वाद झाला असता.

नानू :
सहा मुलगे झाले आणि सगळा देश नाचायला लागला, तिथेच उत्तर आहे. आनंद इतका मोठा केला की प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही. गव्हर्नर म्हणून मॅक्गिंटी परत येतो ते पाहिलंत का? पहिल्या चित्रपटातला लबाड इथे मुलीचं लग्न कायदेशीर करून देतो!

रेवती_ठाणे :
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर रोज सकाळी पहिलं इथेच येत होते.

झरा आटला असं मी सुरुवातीला लिहिलं, ते आता मागे घेते. नितीनजींनी ‘अनफेथफुली युवर्स’ दाखवला आणि डॉक्टरांनी ‘ग्रेट मोमेंट’. दगड वरूनच पडले, थोडे त्याने स्वतःही ओढून घेतले. पण लिहिणं थांबलं नव्हतं. ६ ऑगस्ट १९५९ ला न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात हृदयविकाराने गेला तेव्हा तो आत्मचरित्र लिहीत होता. त्याने ठरवलेलं नाव होतं ‘माझ्या मृत्यूपर्यंतच्या घटना’. पुस्तक पुढे १९९० मध्ये पत्नीने संपादित करून काढलं, वेगळ्या नावाने.

गिरणगाव, तुमच्या विमानाचं उत्तर माझ्याकडे नाही. शनिवारी ‘सलिव्हन्स’ पुन्हा लावणार आहे, या वेळी घरी बाबांना घेऊन. त्यांना सबटायटल्स वाचायला जमत नाहीत, तर मी शेजारी बसून मराठीत सांगेन. चर्चच्या प्रसंगात काही सांगावं लागणार नाही.

गिरणगाव :
काय झालं ते नक्की लिहा. वाट बघतो.